निविदा उघडल्यानंतरची घासाघीस

सरकारी पैशातून उभी राहणारी शाळा, रुग्णालय किंवा न्यायालयाची इमारत कागदोपत्री एका कंत्राटदाराची असली, तरी प्रत्यक्षात ती अनेक हातांनी बांधलेली असते; पाया खणणारा वेगळा, सळई कापून-वाकवून बांधणारा वेगळा, आणि नळजोडणी, वीजजोडणी, रंगकाम, फरशी, लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा ही कामे करणारे तर सर्वस्वी वेगळे. ज्याच्याशी सरकार करार करते तो मुख्य कंत्राटदार आणि ज्याला हा मुख्य कंत्राटदार आपल्या कामाचा एखादा भाग स्वतंत्र बोलीने सोपवतो तो उपकंत्राटदार. महाराष्ट्रात बांधकामाच्या जागेवर त्यालाच पेटी कंत्राटदार म्हणतात. सरकारी निविदांच्या न्याय्यतेची चर्चा होते, तेव्हा ती जवळजवळ संपूर्णपणे पहिल्या करारापुरती होते. दुसरा करार कसा ठरला, कोणत्या भावाने ठरला, आणि तो भाव ठरवताना कोणावर अन्याय झाला का, हे प्रश्न सरकारच्या दाराबाहेरचे मानले जातात, आणि सार्वजनिक बांधकामाच्या दर्जाविषयीच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ नेमके तिथेच असते.

पहिल्या दाराची राखण भारतीय कायद्याने बऱ्यापैकी केलेली आहे. मुंबईच्या विमानतळावरील उपाहारगृह चालवण्याच्या निविदेवरून उद्भवलेल्या रमण दयाराम शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली असे ठरवले, की सरकारी संस्थेने निविदेसाठी स्वतः घातलेल्या अटी तिलाही बांधून ठेवतात आणि त्या मनमानीने बाजूला सारणे हा राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदातील समानतेचा भंग ठरतो. पुढे ई-निविदा आली, तांत्रिक आणि आर्थिक अशी दोन लिफाफ्यांची पद्धत रुळली, बयाणा रक्कम ऑनलाइन भरली जाऊ लागली, आणि कोणी किती दर भरला हे निविदा उघडल्यावर सर्व स्पर्धकांना दिसू लागले. परंतु सर्वांत कमी दराचा निविदाधारक, ज्याला सरकारी कार्यालयांत ‘एल-वन’ म्हटले जाते, तो एकदा ठरला की हा सारा उजेड तिथेच थांबतो, आणि त्यानंतर त्या कंत्राटदाराच्या कार्यालयात, बहुधा फोनवर, जी दुसरी निविदा चालते तिला ना मुदत असते, ना लिफाफा, ना नोंद.

ही दुसरी निविदा कशी चालते हे एका काल्पनिक हिशेबावरून स्पष्ट होईल. समजा, एका शाळेच्या इमारतीसाठी मुख्य कंत्राटदाराने दहा कोटी रुपयांचा दर भरला, आणि तो काढताना नळकामासाठी त्याच्याकडे आलेल्या भावांपैकी सर्वांत कमी, म्हणजे साठ लाखांचा भाव धरला. काम त्याला मिळाले. आता तो साठ लाखवाल्याला लगेच होकार कळवत नाही. तो दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या नळकामवाल्याला फोन करतो, हातात साठचा भाव आहे हे सांगतो आणि त्याखाली कोण येतो ते विचारतो. कोणी छपन्नवर येतो, कोणी चौपन्नवर. मग मूळ साठवाल्यालाच बोलावून बावन्नवर कबूल करून घेतले जाते, किंवा त्याला वगळून काम दुसऱ्याला दिले जाते. अमेरिकेच्या बांधकाम व्यवसायात याला ‘बिड शॉपिंग’ असे नाव आहे. मराठीत त्याला भाव फिरवून पाडून घेणे म्हणता येईल. याचीच उलटी बाजू म्हणजे ‘बिड पेडलिंग’, ज्यात निविदा उघडल्यानंतर, कोणाचा भाव धरला गेला आहे याचा सुगावा लागलेला दुसरा उपकंत्राटदार आपण होऊन मुख्य कंत्राटदाराच्या दारी जातो आणि त्याहून कमी भावात ते काम मागतो.

भाव कमी झाला तर बिघडले काय, असा प्रश्न इथे साहजिकच विचारला जातो, आणि त्याचे उत्तर हिशेबातच आहे. सरकारने द्यायची रक्कम निविदा उघडली त्याच क्षणी दहा कोटींवर पक्की झालेली आहे. त्यानंतर पाडून घेतलेले आठ लाख रुपये करदात्याच्या तिजोरीत परत जात नाहीत, ते मुख्य कंत्राटदाराच्या नफ्यात जमा होतात. शाळेला मात्र साठ लाखांऐवजी बावन्न लाखांचे नळकाम मिळते. नळकामवाल्याने ते आठ लाख कोठून भरून काढायचे याला फार वाटा नाहीत: पाइपची जाडी कमी करायची, व्हॉल्व्ह हलक्या कंपनीचे बसवायचे, भिंतीआड जाणाऱ्या जोडांवर वेळ घालवायचा नाही, किंवा मजुरांचे पैसे थकवायचे. निविदेच्या स्पर्धेचा लाभ जनतेला मिळावा म्हणून सारी यंत्रणा उभारलेली असताना, तो लाभ जनतेला न मिळता नुकसान मात्र तिच्या पदरी पडते.

यात आणखी एक अन्याय आहे, जो रुपयांत सहज मोजता येत नाही. साठ लाखांचा भाव देणाऱ्याने तो हवेतून काढलेला नसतो. त्याने नकाशे पसरून मजल्यामजल्यावरील स्वच्छतागृहे मोजलेली असतात, पाइपांची लांबी, वळणे, जोड, टाक्यांची क्षमता यांचा तक्ता केलेला असतो, दुकानदारांकडून भाव मागवलेले असतात, आणि या कामात त्याच्या अनुभवी माणसाचे कित्येक दिवस गेलेले असतात. ज्याला त्याचा आकडा दाखवून खालचा भाव मागितला जातो, त्याला यांपैकी काहीही करावे लागत नाही. दुसऱ्याच्या मेहनतीचा आकडा घेऊन त्यातून थोडे वजा केले की त्याचे काम झाले. अशा बाजारात प्रामाणिकपणे हिशेब करणाऱ्यालाच शिक्षा होते, आणि एकदोन वेळा हात पोळले की तोही शहाणा होतो: पुढच्या वेळी तो पहिल्याच भावात घासाघिशीची सोय म्हणून दहा टक्के चढवून ठेवतो, किंवा आपला आकडा शेवटच्या तासापर्यंत कोणालाच सांगत नाही.

हा शेवटच्या तासाचा परिणाम कॅलिफोर्नियातील एका खटल्यात फार जवळून पाहायला मिळतो. लँकेस्टर येथील मॉन्टे व्हिस्टा शाळेच्या बांधकामासाठी २८ जुलै १९५५ रोजी ड्रेनन नावाचा कंत्राटदार निविदा तयार करत होता. त्या भागातल्या रिवाजाप्रमाणे उपकंत्राटदार निविदेच्या दिवशीच फोनवरून भाव सांगत, आणि त्या एका दिवसात त्याच्या कार्यालयात पन्नास ते पंच्याहत्तर भाव आले. दुपार कलल्यावर स्टार पेव्हिंग या कंपनीने फरसबंदीच्या कामासाठी ७,१३१ डॉलर ६० सेंटचा भाव कळवला. फोन घेणाऱ्या कर्मचारी महिलेने तो पुन्हा सांगायला लावून खात्री करून घेतली आणि कागदावर उतरवला. तो सर्वांत कमी असल्याने ड्रेननने तो धरून ३,१७,३८५ डॉलरची निविदा भरली, तिच्यासाठी दहा टक्क्यांचे हमीपत्र दिले, आणि काम त्याला मिळाले. दुसऱ्या दिवशी तो स्टार पेव्हिंगच्या कार्यालयात गेला, तेव्हा तिथल्या अभियंत्याने हिशेब चुकल्याचे सांगितले आणि १५,००० डॉलरच्या खाली काम होणार नाही म्हणून हात वर केले. ड्रेननने काही महिने शोधाशोध करून ते काम दुसऱ्याकडून १०,९४८ डॉलर ६० सेंटमध्ये करून घेतले, आणि फरकाच्या ३,८१७ डॉलरसाठी दावा लावला.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली निकाल ड्रेननच्या बाजूने दिला. न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांचे म्हणणे असे, की मुख्य कंत्राटदार उपकंत्राटदाराच्या भावावर विसंबून स्वतःला सरकारशी बांधून घेतो, आणि हे उपकंत्राटदाराला ठाऊक असते. म्हणून औपचारिक होकार येईपर्यंत तरी त्याने भाव मागे घेता कामा नये. विसंबून राहणाऱ्याला तोंडघशी पडू न देण्याचे हे तत्त्व कायद्यात वचनप्रतिबंध म्हणून ओळखले जाते. याआधी १९३३ साली एका संघीय न्यायालयाने, न्यायमूर्ती लर्नेड हँड यांच्या निकालातून, लिनोलियमच्या भावाविषयीच्या अशाच एका वादात नेमकी उलट भूमिका घेतली होती आणि होकार कळवला जाईपर्यंत उपकंत्राटदाराला भाव मागे घेण्याची मोकळीक दिली होती. परंतु पुढच्या काळात अमेरिकेत ट्रेनर यांचेच मत अधिक मानले गेले.

न्याय्यतेच्या दृष्टीने पाहिले, तर या निकालाने एक पारडे जड केले. उपकंत्राटदार आपल्या भावाने बांधला गेला, पण मुख्य कंत्राटदार त्याला काम देण्यास बांधला गेला नाही. ट्रेनर यांना याची जाणीव होती. काम मिळाल्यानंतर अधिक स्वस्त भावाच्या आशेने मुख्य कंत्राटदाराने होकार लांबवला किंवा घासाघीस नव्याने सुरू केली, तर जुन्या भावावरचा त्याचा हक्क संपतो, असे त्यांनी त्याच निकालात बजावले. पण ही केवळ ढाल होती. ज्याचा भाव वापरून निविदा जिंकली आणि ज्याला नंतर टाळले, त्याच्या हातात तिने काहीच दिले नाही. अन्याय सहन करणाऱ्याला त्या भावातून मोकळे होण्याची मुभा मिळणे आणि त्याला त्याचे काम मिळणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे.

ते अंतर १९६३ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने कायदा करून बरेचसे बुजवले. उपकंत्राटे देण्याच्या न्याय्य पद्धतीविषयीचा हा कायदा आज त्या राज्याच्या सार्वजनिक कंत्राट संहितेत समाविष्ट आहे, आणि त्याच्या आरंभीच भाव फिरवण्याचे दुष्परिणाम नोंदवलेले आहेत: साहित्य व कारागिरी हलकी होते, खऱ्या स्पर्धेचा लाभ जनतेला मिळत नाही, व्यावसायिकांचे दिवाळे निघते आणि कामगारांची मजुरी बुडते. कायद्याचा गाभा तसा अगदी साधा आहे. ज्या उपकंत्राटदाराचे काम एकूण निविदेच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक आहे, त्याचे नाव, ठिकाण आणि त्याच्याकडे दिलेला कामाचा भाग मुख्य कंत्राटदाराने निविदेतच लिहून द्यायचा. रस्ते व पुलांच्या कामांत ही मर्यादा अर्धा टक्का किंवा दहा हजार डॉलर, यांतील जी मोठी असेल ती. म्हणजे एक कोटी डॉलरच्या इमारतीत पन्नास हजार डॉलरहून मोठे काम करणारा प्रत्येक जण निविदा उघडण्याआधीच कागदावर आलेला असतो.

नाव देण्याची अट त्या राज्यात याआधीही होती. ड्रेननच्या निविदेतही उपकंत्राटदारांची नावे द्यावी लागली होती. नव्या कायद्याचे बळ नाव लिहून घेण्यापेक्षा पळवाटा बुजवण्यात आहे, आणि त्या ज्या बारकाईने बुजवल्या आहेत त्यावरून हा मसुदा करणाऱ्यांना बांधकामाची जागा नीट माहीत असावी असे वाटते. एखाद्या भागासाठी नावच दिले नाही, तर तो भाग स्वतः करण्याची आपली पूर्ण पात्रता आहे आणि तो आपणच करू, असे मुख्य कंत्राटदाराने कबूल केले असे समजले जाते; एकाच भागासाठी दोन नावे देऊन नंतर त्यांना एकमेकांशी झुंजवायचे ठरवले, तरी परिणाम तोच. नावापुरता एक मधला माणूस दाखवून त्याच्यामार्फत बहुतेक काम तिसऱ्याला द्यायचे, ही युक्तीही कायद्याचा भंग म्हणून नोंदलेली आहे. लिहिलेले नाव बदलायचे असेल, तर कारणे ठरलेली आहेत: तो उपकंत्राटदार दिवाळखोर झाला, पुरेशी संधी देऊनही त्याने करार केला नाही, काम करण्यास नकार दिला, त्याच्याकडे परवाना नाही, किंवा नाव लिहिताना निव्वळ लेखनिकी चूक झाली. यांपैकी शेवटच्या कारणाचा सर्वाधिक गैरवापर होण्यासारखा आहे, म्हणून त्याची सूचना निविदा उघडल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत देणे बंधनकारक केले आहे. नाव बदलण्याची मागणी आली की संबंधित उपकंत्राटदाराला सरकारी संस्थेकडून नोटीस जाते, हरकत घेण्यासाठी त्याला कामकाजाचे पाच दिवस मिळतात, आणि त्याने हरकत घेतली तर सुनावणी होते. भंग करणाऱ्याचे कंत्राट रद्द करण्याचा किंवा त्या उपकंत्राटाच्या रकमेच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड करण्याचा अधिकार सरकारी संस्थेला आहे.

या नावाला कायद्याच्या दृष्टीने किती वजन आहे, हे १९६९ साली सदर्न कॅलिफोर्निया अकूस्टिक्स कंपनीच्या खटल्यात ठरले. एका शाळेच्या कामात ध्वनिशोषक टाइल बसवण्याच्या भागासाठी या कंपनीचे नाव निविदेत होते. व्यवसायाच्या वार्तापत्रात ते छापून आलेले पाहून, आणि आपल्याला एका वेळी ठरावीक रकमेपर्यंतच हमी मिळू शकते हे लक्षात घेऊन, तिने त्या काळात इतर कामांसाठी भाव भरले नाहीत. मग मुख्य कंत्राटदाराने शाळा मंडळाची परवानगी मिळवून तिच्या जागी दुसरी कंपनी आणली. न्यायालयाने स्पष्ट केले, की नाव लिहिणे म्हणजे करार होणे नव्हे. तरीही कायद्याने ठरवलेल्या कारणांवाचून आपल्याला वगळले जाऊ नये हा त्या उपकंत्राटदाराचा स्वतंत्र हक्क आहे, आणि तो मोडल्यास मुख्य कंत्राटदाराकडून नुकसानभरपाई मागता येते.

या कायद्याची मर्यादाही मोठी आहे. निविदा उघडल्यानंतरची घासाघीस तो रोखतो, उघडण्याआधीची नाही. शेवटच्या तासात एकाचा भाव दुसऱ्याच्या कानावर घालण्याला त्याचा अटकाव नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याने त्यावर उपाय म्हणून काही ठरावीक कामांचे उपकंत्राटदारांचे भाव थेट सरकारी कार्यालयातच आधी जमा करून घेण्याची आणि मुख्य कंत्राटदाराने त्यांतूनच निवड करण्याची पद्धत ठेवली. न्यूयॉर्कने तर १९१२ सालापासूनच्या विक्स कायद्याने नळकाम, वीजकाम आणि उष्णता-वायुवीजनाचे काम यांची कंत्राटे सरकारनेच वेगवेगळी द्यावीत असे ठरवले. त्यात उपकंत्राटदार थेट सरकारचा कंत्राटदार होतो, पण एकाचे काम अडल्याने दुसऱ्याचे अडले तर जबाबदार कोण, हा वाद न संपणारा होतो. या तिघांत कॅलिफोर्नियाचा मार्ग सर्वांत कमी खर्चाचा दिसतो, कारण तो सरकारकडून नवी यंत्रणा मागत नाही, फक्त एक यादी आणि ती यादी न बदलण्याची शिस्त मागतो.

महाराष्ट्राकडे या दृष्टीने पाहिले, तर नाव कधी लिहिले जाते हाच कळीचा प्रश्न ठरतो. सरकारी कराराच्या अटींत कार्यकारी अभियंत्याच्या किंवा प्रभारी अभियंत्याच्या लेखी परवानगीशिवाय काम दुसऱ्याला देऊ नये असे असतेच. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या संयुक्त निविदांत वीजकामासारख्या भागांसाठी पात्र संस्थेशी सामंजस्य करार करून तिचे नाव मंजूर करून घ्यावे लागते. पण हे नाव सहसा काम मिळाल्यानंतर द्यायचे असते. तोवर दर ठरलेला असतो आणि ज्यांच्या भावांवर तो बेतला होता त्यांना फिरवून पाहण्यास पुरेसा अवधी मिळालेला असतो. शिवाय ही मंजुरी पात्रतेची असते. उपकंत्राटदाराला काही हक्क देण्यासाठी ती मुळात योजलेलीच नाही. छोट्या कामांत तर ही परवानगीही मागितली जात नाही, आणि टक्केवारी कापून संपूर्ण कामच तोंडी बोलीवर पुढे सरकवले जाते. त्यातच भारतीय करार कायदा, १८७२, यातील पाचव्या कलमाप्रमाणे होकार कळवला जाईपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो. म्हणजे इथे दोन्ही बाजू एकमेकांना सैल सोडून असतात आणि भावाला कोणाचीच हमी नसते.

याचे दुःख पैसे थकतात तेव्हा बाहेर येते. जलजीवन मिशनच्या कामांची बिले थकलेली असताना २०२५ साली महाराष्ट्रात एका तरुण ठेकेदाराच्या आत्महत्येने खळबळ उडाली, आणि त्यानंतर सरकारकडून आलेला खुलासा असा होता, की त्यांच्या नावावर सरकारकडे थेट काम वा बिल नाही, ते उपकंत्राटदार असावेत. तो खुलासा कायद्याच्या भाषेत बरोबर असू शकतो, आणि त्यातच या प्रश्नाचे सारे क्रौर्य आहे: ज्याने चर खणून जलवाहिनी टाकली, त्याचे सरकारी दप्तरात अस्तित्वच नसते. कराराचा संबंध ज्यांच्यात करार झाला त्या दोघांपुरताच, हे तत्त्व इथे उपकंत्राटदाराला सरकारपासून पूर्ण तोडते. अमेरिकेत संघीय कामांसाठी १९३५ च्या मिलर कायद्याने मुख्य कंत्राटदाराकडून देयकाचे हमीपत्र घेतले जाते, ज्यावर उपकंत्राटदाराला दावा करता येतो. इथे तसा सर्वसाधारण आधार नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे देण्याचे आणि उशीर झाल्यास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज देण्याचे बंधन २००६ च्या कायद्यात आहे, परंतु साहित्य आणि मजुरी एकत्र असलेले बांधकामाचे कंत्राट त्याच्या कक्षेत बसत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतलेली असल्याने पेटी कंत्राटदार बहुधा त्याही आसऱ्याबाहेर राहतो. आश्चर्य असे, की सर्वांत तळाशी असलेला मजूर कायद्याला दिसला होता: ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने ती द्यावी, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने घालून दिले. वरचा कंत्राटदार दिसतो, तळचा मजूर दिसतो, आणि त्या दोघांच्या मध्ये स्वतःची यंत्रसामग्री, उसनवारी आणि नाव पणाला लावून उभा असलेला माणूस मात्र दिसत नाही.

निविदेतच नावे मागितली तर लहान कंत्राटदारांवर कागदपत्रांचा बोजा पडेल, स्पर्धा आटेल, हरकतींनी कामे रखडतील, असे आक्षेप घेतले जातात आणि ते अगदीच निराधार नाहीत. म्हणूनच मर्यादा ठेवावी लागते, आणि काही लाखांच्या दुरुस्तीच्या कामाला ही अट लावणे शहाणपणाचे होणार नाही. पण ई-निविदेच्या संकेतस्थळावर अनुभवाची प्रमाणपत्रे, उलाढालीचे दाखले, यंत्रसामग्रीच्या याद्या असा कागदांचा ढीग कंत्राटदाराकडून आजही मागितला जातोच. त्यात मोठ्या भागांचे काम कोण करणार याची एक यादी वाढली, आणि ती आर्थिक लिफाफ्यासोबतच उघडली, तर भाव फिरवण्याची वेळच निघून जाते.

कामावर झालेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद सरकारकडे मोजमाप पुस्तिकेत होते आणि बिल निघते ते त्या नोंदींवरूनच. मोजमापे लिहिण्याआधी तिथे कामाचे नाव, ठिकाण, कंत्राटदाराचे नाव, कराराचा क्रमांक, कार्यारंभाची तारीख, मुदत आणि मोजमाप घेतल्याची तारीख लिहिली जाते. मग ओळीओळीने लांबी, रुंदी, उंची आणि परिमाण येत जाते. ज्याने ते काम प्रत्यक्ष केले, त्याच्या नावासाठी त्या पानावर रकाना नाही.